शिकंजा

पेटी उघडली आणि नागोजीरावांना व्हायोलिनच्या आधी केस दिसले. दोन-तीन लांब, काळे, तेल लावलेले केस. पाठीच्या लाकडाला गेलेल्या चिरेत ते अडकले होते. लाकूड फाकलं तेव्हा आत गेले असावेत आणि चीर पुन्हा मिटल्यावर तिथेच धरले गेले असावेत. समोर खुर्चीच्या कडेवर बसलेला मकरंद सांगत होता, "कपाटावरून पडलं, काका. वरच्या फळीवर ठेवलेलं होतं, कुणाचा तरी धक्का लागला. ऊर्मी तर दोन दिवस रडतेय." त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, गळ्यात पेरुंगुडीच्या कंपनीचं ओळखपत्र होतं आणि तो बोलत होता ते शुद्ध पुणेरी मराठी. पाच वर्षांपूर्वी बदली होऊन चेन्नईला आला, तेव्हा नुंगंबाक्कमच्या या गल्लीत हाताने व्हायोलिन बनवणारा एक तंजावरी मराठी म्हातारा राहतो हे कळल्यावर तो मुद्दाम शोधत आला होता, आणि नागोजीरावांचं जुनं, तमिळ हेल असलेलं बोलणं ऐकून फार खूश झाला होता. "सरी, सरी," नागोजीराव होकार देत म्हणाले. "पडिलें तर दुरुस्त करूं. दहा दिवस लागतील." आणि त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मकरंदला केस दिसू नयेत असं त्यांना का वाटलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तो गेल्यावर त्यांनी वाद्य बाकावर खिडकीच्या उजेडात धरलं. पडलेलं वाद्य कसं मोडतं हे ते चाळीस वर्षं पाहत आले होते. पडलं की मान तुटते, कोपरा उडतो, नाहीतर आत उभी असलेली काडी निसटून खुळखुळत राहते. फरशी एकाच जागी मारते. इथे मान शाबूत होती, खुंट्या शाबूत होत्या. मोडली होती ती खालची बाजू. बरगड्या, म्हणजे समोरचं पोट आणि मागची पाठ यांना जोडणाऱ्या कडेच्या पातळ पट्ट्या, आत दबल्या होत्या, आणि पाठीवरची चीर कमानीसारखी वाकत गेली होती. कुणीतरी मानेला धरून, हात मागे नेऊन, वाद्य आडवं फिरवलं होतं. ज्यावर ते बसलं ते फरशीसारखं टणक नव्हतं. ते गोल होतं, मारासरशी मागे सरलं होतं, आणि त्याला केस होते.

हे व्हायोलिन त्यांनीच बनवलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी, २००४ साली, ऊर्मी नऊ वर्षांची असताना. मुलांसाठीचं लहान मापाचं वाद्य ते सहसा करत नसत, पण ती पोर या खोलीत येऊन उभी राहिली होती, डावा हात ताठ पुढे करून, आणि त्यांनी मानेपासून तळहातापर्यंत टेप लावली तेव्हा गुदगुल्या झाल्यासारखी हसली होती. हात धरून ठेव म्हटलं तर तिने इतका वेळ धरून ठेवला की शेवटी त्यांच्या बायकोनेच, सीतालक्ष्मीने, आतून येऊन तो खाली केला. "पोरीला कुणी सांगितल्याशिवाय हात खालीं करवत नाहीं, पाहिलें?" सीतालक्ष्मी नंतर म्हणाली होती. त्यांनी ते कौतुक समजून घेतलं होतं.

आताही ती आतून आली, पदराला हात पुसत, त्यांच्या डाव्या बाजूला आली, कारण तिला उजव्याच कानाने ऐकू यायचं. नागोजीराव चिमट्याने केस सोडवत होते. एक निघाला, दुसरा मुळासकट निघाला. टोकाला पांढरा ठिपका होता. तिने तो खिडकीसमोर धरून पाहिला.

"कोणाचे हे?"

"वाद्य पडिलें म्हणे. कपाटावरून."

रस्त्यावर इडलीच्या पिठाची सायकल घंटी वाजवत गेली. मग ती म्हणाली, "मीही पडलेंच होतें," आणि केस बाकाच्या कडेवर ठेवून आत गेली.

एकतीस वर्षांत तिने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. नागोजीराव बाकापाशी तसेच उभे राहिले. मे महिन्याचा उन्हाळा, खिडकीतून येणारी हवा तव्यावरून आल्यासारखी. त्यांच्या मात्र हातांच्या आतल्या बाजूला गार लागत होतं. १९७६. लाकूड जोडायचा सरस चुलीवर होता. सरस उकळला की मेला, त्याची पकड जाते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं होतं. त्या दिवशी एका मोठ्या विद्वान वादकाचं व्हायोलिन उघडून ठेवलेलं, सगळं अंग सुटं, आणि सीतालक्ष्मी शेजारणीशी बोलत राहिली आणि सरस उकळला. त्यांना वास आला. ते उठले, आत गेले, आणि उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर मारली. आवाज आठवत होता. कोरड्या फळीवर फळी टाकल्यासारखा. डॉक्टरसमोर तीच बोलली, "नहाणींत पाय घसरला," आणि ते तिच्या मागे उभे राहून मान डोलवत होते. एकदाच. हा शब्द त्यांनी इतकी वर्षं जवळ बाळगला होता. एकदाच हात उठला, तरुणपणी, कामाच्या रागात, आणि त्यानंतर कधीही नाही. लोक त्यांना मऊ माणूस म्हणत. संगीताच्या सीझनमध्ये वादक येत, म्हणत, तुमच्या हातात बाळ दिल्यासारखं वाटतं वाद्य देताना, आणि नागोजीराव ते ऐकताना मनातल्या मनात म्हणत, हो, एकदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाद्य उघडलं. पातळ पात्याची सुरी पोटाच्या आणि बरगड्यांच्या सांध्यात शिरवायची, तिरकी करायची, आणि जरा पिळायची; जुना सरस कडकन तुटतो. हा आवाज त्यांना नेहमी आवडायचा, दाताने आवळा फोडल्यासारखा. आज प्रत्येक कडकन आवाजाबरोबर त्यांना मकरंदचं बोट दिसत होतं. अंगठ्याचं पेर, मग तर्जनीचं, मग मनगटाचं ते लहान गोल हाड. पोट सुटून हातात आलं तेव्हा ते घामाने निथळत होते आणि दातांवर दात इतके आवळलेले होते की जबडा दुखत होता. ते पाणी प्यायले. नंतर दबलेल्या बरगड्यांवर ओलं फडकं ठेवून तापलेला लोखंडी नळा फिरवला, वाफ निघाली, आणि त्यांना वाटलं की हा नळा त्या इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीवर असाच सावकाश फिरवावा, कापड आधी पिवळं होईल, मग. त्यांनी नळा बाजूला ठेवला. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला हे काय सुचतं. पण सुचत राहिलं. रोज. पटाशीला धार लावताना, कानशीने तारांखालचा पूल घासताना, पाठीची चीर सरसाने भरून ती बाकाच्या लोखंडी शिकंजात दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून दांडा फिरवताना. पाव वळसा, थांबायचं, सरस कडेने मण्यांसारखा बाहेर येतो, आणखी पाव वळसा. त्यापेक्षा जास्त आवळलं तर लाकूड चिरडतं. ते तिथे थांबत. आणि सर्वांत विचित्र हे की या साऱ्यात ते दुःखी नव्हते. भूक नीट लागत होती. तीस वर्षांत अंगात आला नव्हता असा जोर आला होता, आणि सीतालक्ष्मी ताटात भात वाढताना त्यांच्या हातांकडे बघायची आणि वाढून झालं की एक पाऊल मागे सरायची.

पोलीस, शाळा, ऊर्मीच्या गुरू, सगळ्यांचा विचार त्यांनी केला. पण पोलिसाला काय दाखवायचं? तीन केस? आणि हे बोलायला आपल्याला तोंड तरी कुठलं? तेव्हा त्यांनी फोन करून मकरंदला एवढंच सांगितलं की वाद्य झालं आहे, मात्र मुलीला घेऊन या, हनुवटीचं माप पाहायचं आहे.

रविवारी दहा वाजता ते आले. ऊर्मी आता बारा वर्षांची, उंच झालेली, केस एका बाजूला ओढून घट्ट वेणी घातलेली. नऊ वर्षांची असताना खोलीभर हिंडणारी ती पोर दाराजवळ चपला काढून तिथेच उभी राहिली. नागोजीरावांनी वाद्य तिच्या हातात दिलं. तिने ते खांद्यावर टेकवलं, मान वळवली, आणि डाव्या कानामागे रुपयाएवढी जागा दिसली जिथे केस नव्हते, खपली होती.

"कसें पडिलें, अम्मा?" तमिळ घरांत पोरींना लाडाने म्हणतात तसं त्यांनी विचारलं.

"माझ्या हातून," ती म्हणाली. "प्रॅक्टिस करताना स्लिप झालं."

"म्हणजे कपाटावरून काढताना," मकरंद हसून म्हणाला. "हिला काही धरवत नाही."

तिने सा लावला. गज थरथरला आणि सूर चिरकला. मकरंद बाकापाशी रेलून उभा होता, अवजारांकडे कौतुकाने बघत, उजव्या हाताची बोटं शिकंजाच्या उघड्या जबड्यात टाकून लोखंडावर हलका ताल धरत. सकाळीच नागोजीरावांनी त्यात पूल धरून घासला होता. जबडा जेमतेम दोन बोटं उघडा होता. "काय आहे ना काका," तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या कष्टाने करता, आणि या मुलांना कशाची किंमत नसते. ऊर्मी, नीट धर!"

शेवटचे शब्द फार मोठ्याने नव्हते. पण पोरीचा कोपर वर आला, व्हायोलिनसकट, आणि डोक्याच्या बाजूला जाऊन थांबला. सराव असल्यासारखा. नागोजीरावांनी ते पाहिलं, आणि त्यांचा हात दांड्यावर गेला. हात गेला असंच त्यांना नंतरही आठवत राहिलं, आपण नेला असं नाही. एक पूर्ण वळसा. जबडा मिटला.

मकरंद आधी हसला, चुकून काहीतरी झालं असावं असा. मग त्याने हात ओढला आणि त्याला कळलं. "काका! अहो काका, हात! माझा हात!"

"सांगा," नागोजीराव म्हणाले. आवाज शांत होता, गिऱ्हाइकाला लाकडाचा पोत समजावताना असायचा तसा. "कसें पडिलें तें सांगा." आणि पाव वळसा. मकरंदने डाव्या मुठीने त्यांच्या तोंडावर मारलं, ओठ फुटला, खारट चव आली. त्यांनी दांडा सोडला नाही. आणखी पाव वळसा. मकरंद आता शब्द बोलत नव्हता. गुडघे वाकले होते, गाल बाकाला टेकला होता, आणि तोंडातून लहान मुलासारखा एकसुरी आवाज येत होता. सीतालक्ष्मी दारात आली. ओरडली नाही. तिने फक्त चौकट धरली. आणि नागोजीरावांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत ऊब उतरत गेली, गोड, भरलेली, आणि ती ऊब त्यांनी ओळखली. न्याय, पोर, कानामागची खपली, कशाचाही तिच्याशी संबंध नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी चुलीपाशी, पंजा कानाला लागला त्या क्षणी, हीच उतरली होती. हात मऊ झालाच नव्हता; या उबेविना तो नुसता उपाशी होता.

त्यांनी दांडा सोडला, दोन पावलं मागे गेले. पण शिकंजा आपोआप उघडत नाही.

ऊर्मीने व्हायोलिन पेटीत ठेवलं. आधी गज, मग वाद्य, वर मखमलीचा तुकडा. झाकण लावलं. एक कडी, दुसरी कडी. नंतर ती बाकापाशी आली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि फिरवला. आवळायच्या दिशेने. आतून एक बारीक आवाज आला आणि मकरंद किंचाळला. ती थांबली. खाली वाकलेल्या बापाच्या तोंडाकडे तिने पाहिलं, श्वास दोनदा आत-बाहेर होईल एवढा वेळ. मग दांडा उलट फिरवला, एक, दोन, तीन वळसे, आणि हात सुटला. चुकलं का तिचं? पाण्याचा नळ कोणत्या बाजूने बंद होतो हे बारा वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं. पण घाबरलेल्या माणसाचं काय सांगावं.

मकरंद फरशीवर बसला होता, मधली दोन बोटं भलत्याच बाजूला वळलेली. त्याने नागोजीरावांकडे बघितलं नाही. तो मुलीकडे बघत होता, आणि ती फरशीकडे. "चल," तो म्हणाला. गाडी चालवणं शक्य नव्हतं. तिने पेटी उचलली, गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा थांबवली, तमिळमध्ये चालकाला इस्पितळाचं नाव नीट सांगितलं, आणि बापाला आधी बसवून मग पेटी मांडीवर घेऊन ती पलीकडच्या कडेला, जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली. नागोजीराव हे खिडकीतून बघत होते, ओठाचं रक्त सदऱ्यावर ठिबकत.

दिवसभर ते पोलिसांची वाट बघत बसले. स्वच्छ सदरा घातला, कमरेची वेष्टी बदलली, चष्म्याची डबी खिशात ठेवली. कुणी आलं नाही. सोमवारी दुपारी फोन वाजला. त्यांना उठवेना; सीतालक्ष्मीने तो उजव्या कानाला लावला. पलीकडे मकरंदची बायको होती, कौमुदी, तिला ते एकदाच भेटले होते. ती इतक्या जोरात बोलत होती की बाकापर्यंत ऐकू येत होतं. "दोन बोटं मोडलीत त्यांची. दवाखान्यात गाडीचं दार लागलं म्हणून सांगितलंय. तक्रार करणार नाहीत ते, कारण मग पुढचं विचारतील. पण तुम्ही काय साधलंत हो? मला सांगा ना, काय साधलंत? डावा हात आहे अजून त्यांना. आणि आता घरात ते तिच्याकडे कसे बघतात, ते तुम्ही येऊन बघणार आहात का?"

सीतालक्ष्मीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळे, लेंकराला घेऊन येथें ये. आजच ये. मागची खोली रिकामी आहे, तिला बाहेरून वेगळें दार आहे. हे तुमच्यासमोर येणार नाहींत, तें मी पाहातें. तुझ्या भावाला, आईला, ज्याला सांगायचें त्याला येथूनच फोन कर." पलीकडून काही आलं नाही. पण फोन ठेवलाही नाही. बराच वेळ सीतालक्ष्मी रिसीव्हर कानाला लावून उभी होती, दुसऱ्या बाईचा श्वास ऐकत. शेवटी ती म्हणाली, "नुंगंबाक्कम, स्टेशनाच्या रस्त्यानें डावी तिसरी गल्ली. लिहून घेतलें?" तिकडून काय उत्तर आलं ते नागोजीरावांना ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला.

मग ती येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. नेहमीसारखी बाजूला नाही, समोर.

"मी केलें तें चूकच," ते म्हणाले. "पण अगे, त्याला पाहिलें आणि मज राहवलें नाहीं. मज ठाऊक आहे ना तें काय असतें. माझ्याही हातून एकदां..."

"चारदां," ती म्हणाली.

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"चारदां. पहिल्या वेळीं तंजावरांत, लग्नाला चार महिने झाले होते. मामंजींच्या ताटांत सार वाढलें, त्यांत मीठ नव्हतें. ते जेवून बाहेर गेल्यावर, दाराच्या मागें. दुसऱ्या वेळीं या घरांत. पाहुण्यांना तुम्ही रस्त्याचें नांव चुकीचें सांगितलें आणि मी बरोबर केलें. ते गेल्यावर हात पिरगळला, बांगड्या फुटल्या. मी तुकडे झाडून काढीत होतें तर तुम्ही झाडूला वाट म्हणून पाय वर उचलून बसलां होतां, पुस्तक वाचीत. तिसरें कानाचें."

ती हे दूधवाल्याचे दिवस सांगावेत तसं सांगत होती. नागोजीरावांना नाही म्हणायचं होतं. मीठ, रस्ता, बांगड्या. यातलं काहीही त्यांच्याजवळ नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती हे त्यांना तिच्या तोंडाकडे न बघताही कळत होतं.

"आणि चौथें?" त्यांनी विचारलं.

"चौथें मी सांगणार नाहीं," सीतालक्ष्मी म्हणाली. "तें तुम्ही आठवा."

ती उठली आणि मागच्या खोलीची खिडकी उघडायला गेली. गादी झटकल्याचा आवाज आला. नागोजीराव बसून होते. त्यांनी लग्नाच्या वर्षापासून, एकोणसत्तर सालापासून, सुरुवात केली. त्या वर्षी केलेलं पहिलं वाद्य आठवलं, त्याच्या पाठीवरचे वाघाच्या पट्ट्यांसारखे पट्टे आठवले; सत्तर, एकाहत्तर, कोणतं लाकूड कुठून आलं, कोणत्या वाद्याचा कोणता सूर खोल होता, कुणी नेलं. वर्षामागून वर्ष ते चालत गेले आणि प्रत्येक वर्षी त्यांना बाक दिसला, उजेड दिसला, आपले हात दिसले. त्या उजेडात ती कुठे उभी असायची ते दिसेना. एकोणनव्वदपर्यंत पोचल्यावर ते थांबले, चौथं कुठेच सापडलं नव्हतं, आणि पुन्हा एकोणसत्तरपासून, या वेळी अधिक हळू, निघाले.